वीज एकाकडूनच, गॅस तिघांकडून. मग बचत कुठे?

या महिन्याच्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलं आहे: मोबाइलची कंपनी बदलतो तशी विजेची आणि गॅसची कंपनी बदलून घरखर्च कमी होईल का? नाशिकपुरतं सांगायचं तर विजेची कंपनी बदलता येत नाही. टाकीच्या गॅसची बदलता येते, पण त्यानं दर बदलत नाही. खरी निवड उरते ती इंधनाची: टाकी, पाइपचा गॅस, वीज की ऊन. खालच्या उत्तरांत हिशेबाच्या सोयीसाठी टाकी ९०० रुपये, विजेचं पहिल्या १०० युनिटांतलं युनिट ७ रुपये आणि त्यापुढचं १३ रुपये (वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून आणण्याचा खर्च, आणि शुल्क धरून) असं मानलं आहे. दर बदलत राहतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून गणित पुन्हा मांडा.

प्रश्न: माझी नणंद अंधेरीला राहते. तिनं काही वर्षांपूर्वी वीजकंपनी बदलली. आमचं बिल दर महिन्याला २४० युनिटांच्या आसपास येतं. आम्हाला इथे कंपनी बदलता येईल का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: नाही. नाशिक शहरात घरगुती वीज महावितरणच देते. मुंबईचं गणित वेगळं आहे, कारण तिथल्या उपनगरांत टाटा पॉवर आणि आज अदानी इलेक्ट्रिसिटी या नावानं चालणारी कंपनी, दोघींचे परवाने एकाच भागावर आहेत. टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांनाही वीज विकता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये दिला. मग २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगानं एकीच्या तारांवरून दुसरीची वीज घेण्याची वाट मोकळी केली. २००३ च्या वीज कायद्यात एका भागात दुसरा परवाना देण्याची सोय आहे, पण तसा दुसरा परवानाधारक प्रत्यक्ष वीज देत असेल तरच ग्राहकाच्या हाती निवड येते. ‘ओपन ॲक्सेस’ (वितरण कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कुणाकडची वीज घेण्याची मुभा) हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. तो १ मेगावॉट आणि त्यावरच्या, हरित विजेसाठी १०० किलोवॉट आणि त्यावरच्या ग्राहकांसाठी आहे. घराचा मंजूर भार असतो ३ ते ५ किलोवॉट. तेव्हा ‘कंपनी बदलून स्वस्त वीज देतो’ असं सांगत कुणी दारात आलं आणि बिलाची प्रत, आधार किंवा ओटीपी मागू लागलं, तर काहीही देऊ नका.

आता तुमच्या २४० युनिटांकडे वळू. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. दुसऱ्या टप्प्यात गेलात म्हणून सगळी युनिटं महाग होत नाहीत. पहिली १०० पहिल्याच दरानं धरली जातात, महाग होतात ती वरची १४०. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट ७ रुपयांचं नसून १३ रुपयांचं असतं. ‘एकूण बिल भागिले एकूण युनिटं’ असा सरासरी दर काढून निर्णय घेतला की हिशेब चुकतो. कोणतंही उपकरण घेताना किंवा बदलताना दर धरायचा तो शेवटच्या युनिटाचा.

पंख्याचं उदाहरण घ्या. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास चालत असतील तर फरक ४५ × ४ × १२ म्हणजे दिवसाला २.१६ आणि महिन्याला ६५ युनिटांचा. १३ रुपयांनी ते ८४५ रुपये होतात. नाशिकला थंडीत पंखे बंद असतात, तेव्हा वर्षाचे आठ महिने धरा. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, सर्वांत जास्त तास चालणाऱ्यापासून सुरुवात करा. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाकायला सांगा. तो मध्ये राहिला तर बीएलडीसीचं सर्किट नीट चालत नाही, पंखा गुणगुणतो किंवा बंद पडतो, आणि दोष पंख्याच्या माथी येतो.

घरात वीज झिरपते का, हे तपासायला दहा मिनिटं लागतात. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स’ असा काहीतरी आकडा छापलेला असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला १६ वेळा लुकलुकत असेल तर तासाला ९६०, भागिले ३२००, म्हणजे त्या क्षणी घर ३०० वॉट ओढतं आहे. घरातलं सगळं बंद करून मोजा. मग मेन स्विच पाडून बघा. मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरवरून दुसरीकडे तार गेली आहे. जुन्या वाड्यांत आणि जिन्याच्या सामायिक दिव्यांच्या बाबतीत असं घडतं. अशा वेळी परवानाधारक वायरमनलाच बोलवा, स्वतः मीटरचं झाकण उघडू नका.

आणखी तीन गोष्टी बिलावर बघा. पहिली, जोडणी थ्री-फेज आहे का? मोठी मोटर किंवा बरेच एसी नसताना बिल्डरनं घेऊन ठेवलेली थ्री-फेज जोडणी असेल, तर तिचा स्थिर आकार सिंगल-फेजच्या कितीतरी जास्त असतो आणि घर बंद असतानाही तो लागतो. भार कमी करण्याचा अर्ज करता येतो. दुसरी, लवकर भरण्याची तारीख. बिलावर दोन तारखा असतात, पहिलीच्या आत भरलं की तत्पर भरण्याची सवलत मिळते आणि ऑनलाइन भरण्याची निराळी. तिसरी, तुमच्याकडे नवं टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) बसलं असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट सवलत आहे. धुण्याचं मशीन, पाणी चढवायची मोटर आणि इस्त्री या वेळेत सरकवायला काही खर्च नाही. किती युनिटं त्या वेळेत बसली ते बिलातच दिसतं.

प्रश्न: आमची गॅस एजन्सी टाकी द्यायला दहा-बारा दिवस लावते. दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर टाकी स्वस्त पडेल का? आमची अनामत फार जुनी, काहीशे रुपयांची आहे. ती बुडेल का? (एक वाचक, सिडको)

उत्तर: स्वस्त पडणार नाही. इंडेन, भारतगॅस आणि एचपी या तिन्हींची घरगुती १४.२ किलोची टाकी एका शहरात साधारण एकाच भावानं मिळते आणि त्यात घरपोच वाहतूक धरलेली असते. बदलायचं ते सेवेसाठी. दहा-बारा दिवस हे कारण पुरेसं आहे, आणि २०१४ पासून त्यासाठी पोर्टेबिलिटीची सोय आहे.

आधी बघा की तुम्हाला कंपनी बदलायची आहे की नुसती एजन्सी. त्याच कंपनीची जवळची दुसरी एजन्सी निवडली तर काम सोपं आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या ग्राहक क्रमांकानं शिरा, पोर्टेबिलिटीत परिसरातल्या एजन्सींची यादी आणि त्यांचे वेळेवर पोच देण्याचे तारे बघा, एक निवडा. टाकी आणि रेग्युलेटर घरातच राहतात, नोंद तेवढी सरकते. आमच्या मते दहांतल्या नऊ घरांना एवढंच पुरतं.

कंपनीच बदलायची असेल तर टाक्यांचे व्हॉल्व्ह आणि मालकी वेगळी असल्यानं सामान परत करावं लागतं. नोंदणी ऑनलाइन करा. जुनी एजन्सी तुम्हाला थांबवायला फोन करेल, तेवढी मुदत नियमातच आहे. ठाम असाल तर तसं सांगा. मग टाकी, रेग्युलेटर आणि मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (जोडणी घेताना मिळालेली पावती) घेऊन जुन्या एजन्सीत जा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याची पावती) घ्या. ते नव्या एजन्सीत दिलं की तुम्हाला मिळाली तेवढीच अनामत भरून जोडणी मिळते.

इथेच लोकांचं नुकसान होतं. घाईघाईनं पोर्टेबिलिटीची नोंदणी न करता थेट काउंटरवर जोडणी सरेंडर केली, तर हातात जुनी काहीशे रुपयांची अनामत येते आणि नव्या जोडणीला जून २०२२ पासूनच्या दरानं टाकीचे २,२०० आणि रेग्युलेटरचे २५० रुपये भरावे लागतात. तेव्हा आधी नोंदणी, मग सरेंडर. व्हाउचर हरवलं असेल तर एजन्सीत लेखी प्रतिज्ञापत्र देऊन काम होतं, पण ते बदलीच्या आधी उरकून घ्या. भरलेली टाकी परत नेऊ नका. त्यातल्या उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत. टाकी संपत आली की जा आणि मधले दोन-तीन दिवस निभावण्याची सोय करून ठेवा.

टाकी कुणाचीही असो, दारात वजन करून घ्या. टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, समजा १५.३ किलो. त्यात १४.२ मिळवले की २९.५ आले पाहिजेत. पोच देणाऱ्याकडे काटा असणं बंधनकारक आहे. अर्धा किलो गॅस कमी निघाला तर ३० रुपये गेले, आणि कंपनी बदलून एवढेही वाचत नाहीत.

प्रश्न: सोसायटीत पाइपचा गॅस येतो आहे. घ्यावा का? टाकीपेक्षा स्वस्त पडतो का, हे कसं ठरवायचं? आच मंद असते असंही ऐकलं. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: नाशिक जिल्ह्यात पाइपच्या गॅसचं काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहे. म्हणजे पाइपच्या गॅसमध्येही विक्रेत्यांची निवड नाही, निवड टाकी की पाइप एवढीच.

तुलना उष्णतेवर करायची. १४.२ किलो एलपीजीतून जेवढी उष्णता निघते तेवढीच साधारण १८ प्रमाणित घनमीटर पाइपच्या गॅसमधून निघते. म्हणून टाकीच्या किमतीला १८ नं भागा. ९०० भागिले १८ म्हणजे ५० रुपये. पाइपच्या गॅसचा करासह दर घनमीटरला ५० च्या खाली असेल तर पाइप स्वस्त, वर असेल तर टाकी. उज्ज्वला किंवा इतर अनुदान मिळत असेल तर टाकीची किंमत अनुदान वजा करून धरा, कारण पाइपच्या गॅसला अनुदान नाही. करांत मात्र फरक आहे: टाकीवर ५ टक्के जीएसटी, तर पाइपच्या गॅसवर राज्याचा व्हॅट, जो एप्रिल २०२२ मध्ये १३.५ वरून ३ टक्क्यांवर आला.

वापराचा अंदाजही यातूनच निघतो. टाकी ४० दिवस पुरत असेल तर रोज ०.४५ घनमीटर, म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात २७ घनमीटरच्या आसपास. पहिलं बिल यापेक्षा फार वर गेलं तर आधी मीटरवरचं रीडिंग आणि बिलावरचं रीडिंग जुळवा. सगळ्या शेगड्या बंद असताना मीटरचा शेवटचा आकडा हलत असेल तर गळती आहे. झडप बंद करून कंपनीला लगेच कळवा.

मंद आचेचं कारण शेगडीत असतं. घरातल्या टाकीचा रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो, पाइपचा गॅस २१ मिलिबारला येतो, आणि त्याच्या एका घनमीटरात एलपीजीपेक्षा उष्णताही बरीच कमी असते. म्हणून पाइपच्या गॅसला बर्नरखालच्या पितळी जेटचं भोक मोठं लागतं. जोडणी सुरू करताना तंत्रज्ञ जेट बदलतो किंवा भोक मोठं करतो. चार बर्नरपैकी एखादा राहून जातो आणि तोच ‘मंद’ ठरतो. तो माणूस घरात असतानाच चारही बर्नर पेटवून बघा: ज्योत निळी, टोकाला पिवळी नाही, भांड्याला काजळी नाही. काढलेले जुने जेट डबीत जपून ठेवा. पुढे टाकी असलेल्या घरी गेलात आणि मोठ्या भोकाच्या जेटवर एलपीजी लावला, तर ज्वाळा उंच, पिवळी आणि धोकादायक येते.

ओट्याचं काम काढणार असाल तर आधी मीटर आणि झडपेची जागा ठरवा. मॉड्युलर किचनच्या बंद कपाटात मीटर कोंडलेलं चालत नाही. पाइप ठरावीक लांबीपर्यंतच अनामतीत धरलेला असतो, पुढच्या मीटरमागे वेगळे पैसे लागतात, तेव्हा अंतर मोजून आधी विचारा. भिंतीला भोक पडेल, ते बुजवणं कुणाकडे, हेही विचारा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, वर छताकडे जातो. त्यासाठी स्वयंपाकघरातली हवा जाण्याची वरची खिडकी किंवा एक्झॉस्टचं भोक कधीही बंद करू नका. आणि टाकी सरेंडर करायची ती पाइपमधून गॅस प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच. रायझर (इमारतीत वर चढणारा मुख्य पाइप) बसला, मीटर बसलं आणि गॅस सोडायला महिने लागले, असं होऊ शकतं.

प्रश्न: गॅस महागला म्हणून इंडक्शनवर स्वयंपाक करावा का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: एका टाकीत साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली दोन तृतीयांशच्या आसपास भांड्यात जाते, म्हणजे सुमारे ११८ युनिटं. इंडक्शनवर ८० ते ८५ टक्के जाते, तेव्हा एका टाकीचं काम १४० युनिटांत होतं. फ्रिज, पंखे, टीव्ही यांत तुमची पहिली १०० युनिटं आधीच गेलेली असतील, तर ही १४० युनिटं १३ रुपयांची, म्हणजे १,८२० रुपये. टाकी ९०० ची. दुपटीनं तोटा. पहिल्या टप्प्यात बसली तरी ९८० रुपये, म्हणजे टाकीपेक्षा थोडी महागच.

इंडक्शन फायद्याचं ठरतं ते दोन ठिकाणी: एकट्यादुकट्याचं घर जिथे महिन्याचं बिल ४०–५० युनिटांचं आहे आणि टाकीची अनामत गुंतवायची नाही, आणि छतावर सौर पॅनल असलेलं घर. दूध तापवणं, चहा, कुकर एवढ्यापुरतं जोडीला ठेवायला हरकत नाही. २,००० वॉटची शेगडी १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की पिन तापून प्लास्टिक वितळतं.

प्रश्न: आम्ही तीन महिने गावी होतो. मीटर कुलपाच्या आत असल्यानं सरासरी बिलं आली, आणि आता एकदम ३१० युनिटांचं बिल आलं. हे वरच्या टप्प्यात धरलं गेलं नाही ना? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर: धरलं जायला नको. प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर ती युनिटं त्या सगळ्या महिन्यांवर वाटून प्रत्येक महिन्याला स्वतःचे टप्पे लागले पाहिजेत, आणि आधी भरलेली सरासरी बिलं वजा झाली पाहिजेत. ३१० युनिटं तीन महिन्यांची असतील, तर महिन्याला १०३. म्हणजे जवळपास सगळी पहिल्याच टप्प्यात. बिलावरचे मागील आणि चालू रीडिंग, त्यांच्या तारखा आणि वजावट बघा. जुळत नसेल तर मीटरचा तारखेसह फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दूरध्वनीवर तक्रार १९१२ ला नोंदवता येते, तिचा क्रमांक लिहून ठेवा. तिथे सुटलं नाही तर नाशिक परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, वकील लागत नाही. पुढच्या वेळी गावी जाताना मीटरची खोली उघडी राहील असं बघा, किंवा ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवा.

प्रश्न: बंगल्याच्या गच्चीवर सौर पॅनल लावायचे आहेत. विक्रेता ३ किलोवॉट सांगतो. वापर २४० युनिटांचा. किती लावावेत? (एक वाचक, म्हसरूळ)

उत्तर: सावली नसेल तर १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिटं देतो, महिन्याला १२०. तुम्हाला २ किलोवॉट पुरतात. आता प्रत्येक किलोवॉटची कमाई वेगवेगळी काढा. पहिला किलोवॉट तुमची सर्वांत वरची १२० युनिटं काढून टाकतो: १३ रुपयांनी १,५६० रुपये. दुसरा उरलेली १२० काढतो, त्यांतली २० तेवढी १३ रुपयांची आणि १०० सात रुपयांची: ९६० रुपये. तिसऱ्यासाठी काही उरतच नाही. जास्तीची युनिटं नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर) पुढच्या महिन्यांत ओढली जातात, पण आर्थिक वर्षाअखेर उरलेल्यांचा मोबदला तुमच्या खरेदीदरापेक्षा फार कमी असतो. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही तसंच उतरतं: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. येत्या वर्ष-दोन वर्षांत इंडक्शन, एसी किंवा विजेची गाडी घेणार असाल तरच ३ किलोवॉट घ्या. तेव्हा मात्र ते आमच्या मते योग्यच.

अर्जाआधी वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर बिल येत असेल तर अनुदान तिथेच अडकतं. नाव बदलून मगच राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करा. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच हवा आणि पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचे हवेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. अनुदान काम तपासून झाल्यावर तुमच्याच खात्यात येतं. ‘आम्ही कापून घेतो’ म्हणणाऱ्याकडून तसं लेखी घ्या.

गच्चीवर किलोवॉटमागे सुमारे १०० चौरस फूट धरा. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास, कारण नाशिकचा अक्षांश तेवढा आहे. पाण्याच्या टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली हिवाळ्यात लांबते. डिसेंबरात सकाळी ९ आणि दुपारी ४ ला खडूनं सावलीच्या रेषा आखून मगच जागा ठरवा. एका ओळीतल्या एका पॅनलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते. अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे मागा: डीसी (पॅनलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक. धुताना सकाळी लवकर, काच थंड असताना धुवा. बोअरचं जड पाणी काचेवर क्षाराचे पांढरे डाग ठेवतं, म्हणून नळाचं वापरा.

दोन गैरसमज बरेच दिसतात. वीज गेली की साधं सौर युनिटही बंद पडतं, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी इन्व्हर्टर स्वतःहून लाइनपासून वेगळा होऊन बंद होतो. बॅटरी नसेल तर ऊन असूनही अंधारच. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतो.

प्रश्न: थंडीत गिझरनं बिल वाढतं. गॅस गिझर घ्यावा का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: पैशात फरक मोठा आहे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ वर न्यायला अर्धं युनिट लागतं. रोज चार बादल्यांना महिन्याला ६० युनिटं, म्हणजे ७८० रुपयांच्या पुढे. त्याच कामाला गॅस गिझरला सहा किलोच्या आसपास गॅस, ३८० रुपये.

पण गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नका, कितीही स्वस्त पडला तरी. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही. गिझर उघड्या बाल्कनीत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. तशी जागा नसेल तर विजेचाच ठेवा: अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचा, थर्मोस्टॅट ५० वर आणायचा, आणि दोन वर्षांतून एकदा कॉइलवरचा क्षार काढून घ्यायचा. स्वतंत्र गच्ची असेल तर १०० लिटरचा सौर बंब वर्षातले बहुतेक दिवस हा खर्चच ठेवत नाही, पावसाळ्यात तेवढी जोड लागते.

प्रश्न: घरून डबे देते. विजेचं मीटर घरगुतीच चालेल का? आणि टाकी? (एक वाचक, सातपूर)

उत्तर: वीज चालेल, एका मर्यादेत. घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० पर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. मोठा डीप फ्रीझर घेण्याआधी ही मर्यादा मोजा. ओलांडली तर व्यापारी दर लागू होतो, आणि न कळवता ओलांडल्याचं तपासणीत आढळलं तर दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते.

टाकीला मात्र अशी सूट नाही. घरगुती १४.२ किलोची टाकी व्यवसायाला वापरता येत नाही, १९ किलोची व्यावसायिक घ्यावी लागते. तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे. जीएसटी नोंदणी असेल आणि नियमांत बसत असेल तर त्याची वजावट मिळू शकते, सल्लागाराला विचारा. डब्याचा दर ठरवताना गॅसचा खर्च १९ किलोच्या टाकीवर धरा. घरगुती टाकीवर धरलेला दर पुढे वाढवताना गिऱ्हाईक तुटतं.